गृहकर्जासाठी फी घेणारा सल्लागार की कमिशनवरचा ब्रोकर? निवड कोणत्या क्रमाने करायची

गृहकर्ज घेणारे बहुतेक जण आधी माणूस पक्का करतात आणि प्रश्न नंतर विचारतात. कुणीतरी नंबर देतं, ब्रोकर कागद न्यायला दारात येतो, “तुम्हाला एक पैसाही द्यायचा नाही” म्हणतो आणि फाइल चालू होते. काही जणांचं उलटं होतं. कमिशनवाले सगळे लबाड, असं मनात धरून ते फी घेणाऱ्या सल्लागाराकडे जातात आणि तो बँकेकडूनही कमिशन घेतो का, हे विचारायचं राहून जातं.

दोन्हीकडे चूक एकच आहे, क्रमाची. आधी स्वतःची तयारी, मग पैशाचा मार्ग, मग प्रश्न, मग आकडेमोड आणि सगळ्यात शेवटी माणूस, असा क्रम ठेवला तर निवड बरीच सोपी होते. खाली तोच क्रम दिला आहे. ‘बँक’ हा शब्द सोयीसाठी वापरला आहे. त्यात कर्ज देणाऱ्या सगळ्या संस्था आल्या.

## टप्पा १: कुणालाही फोन करण्याआधी स्वतःची फाइल

या टप्प्याचा लोकांना कंटाळा येतो, आणि पुढचं नुकसान बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं. आपली परिस्थिती ज्याला माहीत नाही, त्याला समोरचा जी सांगेल ती खरी वाटते. “तुमची केस अवघड आहे, पण मी करून देतो” हे वाक्य अशाच माणसावर चालतं.

१. उत्पन्नाचे कागद. नोकरी असेल तर पगाराच्या स्लिपा, पगार जमा होणाऱ्या खात्याचं स्टेटमेंट आणि कर विवरणपत्रं. व्यवसाय असेल तर त्यात ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकांची भर. एखाद्या वर्षी उत्पन्न घसरलं असेल तर कारण दोन ओळींत लिहून ठेवा. बँक ते विचारणारच.

२. चालू कर्जं. वाहनकर्ज, वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी, वस्तूंचे हप्ते आणि दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिला असाल तर तेही. जामिनाचं बरेच जण विसरतात.

३. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांची आणि फेडीची नोंद; तिच्यावरून स्कोअर ठरतो. तो स्वतः काढा. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर खाली येत नाही. बँकेने तुमच्या अर्जावरून केलेली चौकशी मात्र नोंदली जाते. फेडलेलं कर्ज अजून चालू दिसत असेल तर दुरुस्तीचा अर्ज आत्ताच करा. ऐन मंजुरीच्या वेळी हे निघालं तर आठवडे जातात.

४. हातातले पैसे. घराच्या किमतीतला आपला वाटा, म्हणजे डाउन पेमेंट, तर लागतोच, शिवाय नोंदणी, सरकारी शुल्क, वकील, मूल्यांकन आणि घर बदलण्याचा खर्च. हे वरचे खर्च वजा करून उरतं तेवढंच डाउन पेमेंटला उपलब्ध आहे असं समजा.

५. झेपणारा हप्ता. हा आकडा तुम्ही ठरवायचा. बँक जास्तीत जास्त किती कर्ज देईल हा वेगळा आकडा आहे. या दोहोंची गल्लत झाली की घर मोठं होतं आणि महिना लहान होतो.

६. हे कर्ज किती वर्षं ठेवणार? मुदत वीस वर्षांची घेतली तरी घर विकणं, कर्ज दुसऱ्या बँकेत नेणं किंवा मोठी रक्कम भरून लवकर फेडणं यांपैकी काहीतरी आधी घडण्याची शक्यता असते. अंदाजे पाच, सात, दहा असा एक आकडा लिहा. पाचव्या टप्प्यात त्याच्यावाचून हिशेबच होत नाही.

हे झालं की आणखी एक काम. तुमचा पगार किंवा धंद्याचा व्यवहार ज्या बँकेत होतो, तिथे थेट जा आणि दर, मुदत, प्रोसेसिंग फी आणि मुदतपूर्व फेडीचे नियम लेखी मागा. पुढे जो कुणी काही देऊ करील त्याची तुलना या कागदाशी करायची. हा कागद नसेल तर ब्रोकरने आणलेला दर स्वस्त की महाग हे कळायला काही मार्गच उरत नाही.

इशारा: फक्त कोट, म्हणजे दर आणि अटींचा हा लेखी कागद, मागा; पूर्ण अर्ज भरू नका. आठवड्याभरात चार बँकांनी तुमचा क्रेडिट रिपोर्ट मागवला तर पाचवी बँक “एवढी घाई कशाची?” असा विचार करते.

तपासा: या सगळ्याचं एक पान तयार झालं का? त्यावर उत्पन्न, देणी, डाउन पेमेंट, झेपणारा हप्ता, किती वर्षं आणि पहिला कोट एवढ्या सहा गोष्टी हव्यात. एक जरी रिकामी असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: त्याला पैसे कोण देतं, कधी देतं आणि कशाबद्दल

‘फीवाला’ आणि ‘कमिशनवाला’ असे दोनच कप्पे प्रत्यक्षात नसतात. हे प्रकार भेटतात:

ठरावीक फी. सल्ल्याची एक रक्कम ठरलेली. कर्ज मोठं असो वा लहान, झालं किंवा नाही झालं, फी तीच.

कर्जाच्या टक्केवारीत फी. पैसे तुम्ही देता, पण कर्ज वाढलं की त्याची फी वाढते. मला हा प्रकार पटत नाही. तीस लाखांच्या आणि साठ लाखांच्या कर्जाला सल्ल्याचे कष्ट दुप्पट लागत नाहीत.

कर्ज मिळाल्यावरच फी. ग्राहकाला हे सुरक्षित वाटतं, कारण काम झालं नाही तर पैसे नाहीत. पण मग या सल्लागाराचंही हित कर्ज होण्यातच अडकलं. “अजून सहा महिने थांबा, आधी ते वैयक्तिक कर्ज फेडा” असं सांगितलं तर त्याला काहीच मिळत नाही. म्हणजे या एका मुद्द्यावर तो कमिशनवाल्याच्याच रांगेत उभा आहे.

एकरकमी कमिशन. कर्जाची रक्कम दिली गेली की बँक ब्रोकरला त्या रकमेच्या काही टक्के देते. काही ठिकाणी तुम्ही ठरावीक काळाच्या आत कर्ज फेडलंत किंवा दुसरीकडे नेलंत तर बँक हे कमिशन परत घेते. त्याला क्लॉबॅक म्हणतात. काही ब्रोकर करारात कलम घालून हा फटका ग्राहकाकडून वसूल करतात.

ट्रेल कमिशन. कर्ज चालू असेपर्यंत शिल्लक रकमेवर दरवर्षी थोडंथोडं. ऑस्ट्रेलियात ही पद्धत रुजलेली आहे. कर्ज लवकर फेडलं गेलं की ट्रेल आटतं, हे लक्षात ठेवा.

दोन्हीकडून. तुमच्याकडून फी आणि बँकेकडून कमिशन. ब्रिटनमध्ये हे कायदेशीर आहे आणि सर्रास चालतं, फक्त ते ग्राहकाला सांगावं लागतं. अमेरिकेत नियम वेगळा आहे. एका व्यवहारात ग्राहकाने मोबदला दिला असेल तर त्याच ब्रोकरला बँक वेगळे पैसे देऊ शकत नाही, आणि त्याचा मोबदला कर्जाच्या व्याजदरावर बेतता येत नाही. नेदरलँड्सने याहून पुढचं पाऊल उचललं. तिथे १ जानेवारी २०१३ पासून गृहकर्जावर कमिशन घ्यायलाच बंदी आहे आणि सल्ल्याचे पैसे ग्राहक स्वतः देतो.

वळती फी. बँकेकडून आलेलं कमिशन तुमच्या फीतून वजा करून देणारेही असतात. कमी आहेत, पण विचारायला हरकत नाही.

आता एक गैरसमज. लोकांना वाटतं, ब्रोकर जास्त कमिशन देणाऱ्या बँकेकडे ढकलतो आणि धोका एवढाच. आकडे मांडून बघा. ५० लाखांच्या कर्जावर एक बँक ०.४ टक्के आणि दुसरी ०.५ टक्के देते असं धरलं तर त्याला फरक पडतो ५,००० चा. तेवढ्यासाठी चांगलं गिऱ्हाईक दुखवायला शहाणा ब्रोकर सहसा तयार होत नाही. त्याचा कल खरा झुकतो तो सोप्या मार्गाकडे. जी बँक झटपट मंजुरी देते, जिथला अधिकारी ओळखीचा आहे, जिथे कागद कमी लागतात, तिकडे तो फाइल नेतो. दुसरी गोष्ट, जी बँक ब्रोकरमार्फत कामच करत नाही तिचं नाव त्याच्या यादीत येतच नाही. आणि तिसरी: तुमच्या सध्याच्याच बँकेत थोडं शुल्क भरून दर कमी करून मिळत असेल, तर ते सांगण्यात त्याला फारसं काही सुटत नाही. कर्ज दुसरीकडे नेलं तर मात्र नवं कमिशन.

तपासा: समोरचा माणूस वरच्यांपैकी कोणत्या प्रकारात बसतो हे एका वाक्यात लिहिता येतं का? येत नसेल तर त्याने तुम्हाला पुरेसं सांगितलेलं नाही.

## टप्पा ३: नावांची गाळणी

दोन सल्लागार आणि दोन ब्रोकर, एवढी नावं पुरेत. जास्त नावं जमवली तर तुलना होत नाही, नुसता गोंधळ होतो.

पहिली चाळणी परवान्याची. अमेरिकेत एनएमएलएस कन्झ्युमर ॲक्सेसवर, ब्रिटनमध्ये फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीच्या रजिस्टरवर आणि ऑस्ट्रेलियात एएसआयसी या नियामकाच्या नोंदवहीत नाव शोधता येतं. नाव सापडलं म्हणून थांबू नका. नोंद त्याच माणसाची किंवा फर्मची आहे का, चालू आहे का, आणि गृहकर्जाच्या कामासाठीच आहे का, हे पाहा. विमा विकण्याच्या किंवा गुंतवणुकीच्या परवान्यावर कर्जाचा सल्ला देणारे कमी नाहीत.

भारतात बँकांची गृहकर्जं आणणारे एजंट डीएसए म्हणून ओळखले जातात. डीएसए बँकेने नेमलेला असतो, म्हणून त्याच्या नेमणुकीची खात्री त्या बँकेकडूनच करून घ्यायची. त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर बँकेचं बोधचिन्ह आहे, एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

दुसरी चाळणी आवाक्याची. तो किती बँकांबरोबर काम करतो? यादी मागा. तुमचा पहिला कोट ज्या बँकेचा आहे ती त्या यादीत आहे का, बघा. नसेल तर त्या बँकेचा पर्याय तो कधीच समोर ठेवणार नाही, हे गृहीत धरा.

तिसरी चाळणी ओळखीची. ज्याचं नाव घर विकणाऱ्या एजंटने किंवा बिल्डरने सुचवलं, त्याच्याबद्दल एक प्रश्न जास्त विचारा: नाव सुचवण्याचे पैसे कुणाला जातात का? बिल्डरला घर विकलं जायला हवं असतं, ब्रोकरला कर्ज व्हायला हवं असतं. त्या दोघांच्या घाईत तुमचं ‘जरा विचार करतो’ कुणालाच नको असतं.

## टप्पा ४: पहिली भेट, आणि उत्तरं लेखी

या प्रश्नांची उत्तरं ईमेलवर किंवा निदान मेसेजवर घ्या. तोंडी उत्तर प्रामाणिक असलं तरी सहा महिन्यांनी दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

१. माझ्या या व्यवहारातून तुम्हाला एकूण किती पैसे मिळतील, आणि कुणाकुणाकडून?

हा प्रश्न नेमका असाच विचारा. “तुम्ही फी घेता का?” असं विचारलंत तर “नाही” असं खरं उत्तर मिळेल आणि कळणार काहीच नाही. ‘एकूण’ आणि ‘कुणाकुणाकडून’ हे दोन शब्द गाळू नका. कर्जाबरोबर विकलेल्या विम्याचं कमिशनही या ‘एकूण’मध्ये येतं, हेही बोलून दाखवा.

२. फी घेत असाल तर बँकेचं कमिशन तुमच्याकडेच राहतं, की माझ्या फीतून वजा होतं?

३. तुमच्या यादीत नसलेल्या किंवा तुम्हाला काहीच न देणाऱ्या बँकेचं कर्ज मला जास्त योग्य असेल तर तसं सांगाल का?

फी घेणाऱ्याकडून इथे ‘हो’ यायलाच हवं. नसेल येत तर फी कशाची? ब्रोकर “ते माझ्या कामात येत नाही” म्हणाला तर त्याला नावं ठेवू नका. सरळ उत्तर आहे, आणि तिथला शोध आपला आपण घ्यायचा हे तुम्हाला कळलं.

४. मी कर्ज दोन वर्षांत फेडलं किंवा दुसरीकडे नेलं, तर तुम्हाला किंवा मला काही भरावं लागेल का?

५. कागद कोण गोळा करणार, बँकेच्या मागे कोण लागणार आणि मूल्यांकनात अडचण आली तर कोण बोलणार?

शेवटच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होतं. फी घेणारे बरेच सल्लागार फक्त सल्ला देतात. कोणतं कर्ज, कोणती मुदत, दर फिक्स्ड (न बदलणारा) की फ्लोटिंग (वेळोवेळी बदलणारा), एवढं सांगून त्यांचं काम संपतं. बँकेच्या खेपा तुमच्याच. ब्रोकर खेपा घालतो, आणि ज्याला कामावरून सुट्टी मिळत नाही त्याच्यासाठी त्या खेपांची किंमत खरी असते.

इशारा: “कमिशनचा आकडा आम्ही सांगत नाही”, “ते बँकेच्या धोरणावर अवलंबून असतं”, “तुम्हाला काय करायचंय, तुमच्या खिशातून तर जात नाही” यांपैकी काहीही ऐकू आलं तर नाव खोडा. आकडा सांगणं अवघड नाही. अगदीच नेमका ठाऊक नसेल तर मर्यादा सांगता येते.

## टप्पा ५: आकडेमोड

फी द्यावी की नाही याचं उत्तर तत्त्वात शोधायचं नसतं, हिशेबात शोधायचं. आणि बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो.

उदाहरण घेऊ. कर्ज ५० लाख, मुदत २० वर्षं. ब्रोकरने ८.७५ टक्क्यांचा प्रस्ताव आणला, हप्ता साधारण ४४,१८५. फी घेणाऱ्या सल्लागाराने ८.५ टक्क्यांचं कर्ज सुचवलं, हप्ता साधारण ४३,३९०. महिन्याला फरक ७९५ च्या आसपास. लोक लगेच २४० ने गुणतात आणि १ लाख ९० हजार वाचले म्हणून खूश होतात.

पण हे कर्ज तुम्ही पाचच वर्षं ठेवणार असाल तर? साठ हप्त्यांत वाचले साधारण ४७,७००. शिवाय कमी दराच्या कर्जात पाच वर्षांनी शिल्लक मुद्दल सुमारे १४,६०० ने कमी असतं. एकूण फायदा ६२,००० च्या घरात, म्हणजे ढोबळ अंदाजाच्या एक तृतीयांश. सल्लागाराची फी २५,००० असेल तर ती देणं परवडतं. ७०,००० असेल तर परवडत नाही, मग दर कितीही सुंदर दिसो.

क्रमाने असं करा:

१. प्रत्येक प्रस्तावासाठी पहिल्या टप्प्यात लिहिलेल्या वर्षांपुरते सगळे हप्ते मोजा.

२. त्यात सुरुवातीचे सगळे खर्च मिळवा: प्रोसेसिंग फी, कायदेशीर तपासणी, मूल्यांकन, सल्लागाराची फी, आणि बँक ज्या विम्याशिवाय कर्ज देत नाही तो विमा.

३. त्या वर्षांच्या शेवटी उरणारं मुद्दल मिळवा. ते तुम्हाला फेडायचंच आहे.

४. त्या वेळी कर्ज बंद करण्याचा दंड असेल तर तोही मिळवा.

५. बेरीज जिथे सर्वांत कमी, तो प्रस्ताव त्या कालावधीपुरता स्वस्त.

फ्लोटिंग दरात एक मेख आहे. आजचे दोन दर सारखे असले तरी ते कशाला बांधलेत हे पाहा. बाहेरच्या मापदंडाला (उदाहरणार्थ रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला) बांधलेला दर आणि बँकेने स्वतः ठरवलेला दर यांची पुढची वाट एक नसते. किती महिन्यांनी दर बदलतो आणि मापदंडावर बँक किती टक्के वाढवून लावते, हे दोन आकडे तुलनेच्या तक्त्यात हवेतच. पहिल्या दोन वर्षांपुरता कमी दर देऊन नंतर वर नेणारी योजना असेल तर पुढचा दर धरून हिशेब करा.

तुलनेसाठी कायद्याने ठरवून दिलेला कागद मागा. भारतात १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ (रिटेल, म्हणजे वैयक्तिक ग्राहकांच्या) मुदत कर्जांना रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (मुख्य माहितीचा कागद) द्यावं लागतं, त्यात सगळे खर्च धरून काढलेला वार्षिक दर असतो. अमेरिकेत अर्ज मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत ‘लोन एस्टिमेट’ (कर्जाच्या खर्चाचा अंदाज) द्यायचं असतं. ब्रिटनमध्ये ईएसआयएस नावाचं माहितीपत्रक मिळतं. सल्लागाराने स्वतः बनवलेला रंगीत तक्ता या कागदांच्या जागी चालत नाही. तुम्ही वेगळी दिलेली सल्ल्याची फी या कागदात धरली आहे का, तेही पाहा. नसेल तर वरून मिळवा.

इशारा: “फी कर्जातच घालू” हे ऐकायला सोपं वाटतं. २५,००० ची फी ८.५ टक्क्यांनी २० वर्षांच्या कर्जात घातली तर महिन्याला सुमारे २१७ प्रमाणे शेवटपर्यंत साधारण ५२,००० होतात. जमत असेल तर हातातून भरा.

## टप्पा ६: आता निवड

इथपर्यंत नीट आलात तर निवड बहुतेक झालेलीच असते. तरी माझं मत सांगतो.

नियमित पगार, स्वच्छ क्रेडिट रिपोर्ट, कागद सरळ असलेलं घर आणि मोठी बँक, अशी साधी केस असेल तर टक्केवारीत फी देण्यात अर्थ नाही. चांगला ब्रोकर आणि स्वतः आणलेला पहिला कोट एवढ्यावर काम होतं. कधीकधी ब्रोकरचीही गरज नसते.

उत्पन्न अनियमित आहे, परदेशातून येतं, दोन-तीन धंद्यांतून येतं, जुनं कर्ज थकलं होतं, वाटणीतून आलेलं घर आहे, अशा वेळी दोन वेगळी कामं असतात. कोणती बँक अशा केसकडे कसं बघते याची माहिती अनुभवी ब्रोकरकडे असते, आणि ती फार मोलाची असते. पण आत्ता कर्ज घ्यावं का, किती घ्यावं, जोडीदाराला सहकर्जदार करावं का, हे प्रश्न त्याला विचारू नका. त्यासाठी ठरावीक फी घेणारा सल्लागार बरा, कारण ‘घेऊ नका’ म्हणून त्याचं काही जात नाही.

म्हणून तिसरा मार्गही आहे, आणि तो लोक क्वचितच वापरतात. सल्लागाराला एका बैठकीची ठरावीक फी द्या, त्याच्याकडून रक्कम, मुदत आणि दराचा प्रकार ठरवून घ्या, आणि मग ते ठरलेलं काम ब्रोकरला द्या. ब्रोकरला ‘मला कर्ज हवंय’ सांगण्यापेक्षा ‘इतकं, इतक्या वर्षांसाठी, असं कर्ज हवंय’ सांगितलं की त्याच्या कलाला फारशी जागा राहत नाही. मात्र सल्लागार आणि ब्रोकर एकमेकांना गिऱ्हाईक पाठवणारे नकोत.

दरात दोघं सारखेच निघाले तर कामाच्या पद्धतीवर ठरवा. ज्याने प्रश्नांची उत्तरं आधी आणि लेखी दिली, त्याला पसंती द्या. मंजुरी अडकते तेव्हा हाच स्वभाव उपयोगी पडतो.

## टप्पा ७: सही करण्याआधी फीचा करार

ब्रोकर फक्त कमिशनवर काम करत असेल तर हा टप्पा लहान आहे: क्लॉबॅक तुमच्यावर ढकलणारं कलम आहे का एवढं बघा आणि पुढे जा. फी देत असाल तर या बाबी लेखी हव्यात:

१. फी किती, कर धरून की सोडून.

२. कोणत्या टप्प्याला किती. सगळी आगाऊ देऊ नका. थोडी सुरुवातीला आणि उरलेली लेखी शिफारस हातात आल्यावर, ही विभागणी मला रास्त वाटते. शिफारस मिळाल्यावर फी देय होते म्हटल्यावर कर्ज झालंच पाहिजे असा दबाव त्याच्यावर राहत नाही.

३. बँकेने अर्ज नाकारला, घराचा व्यवहार फिसकटला किंवा तुम्ही माघार घेतली, तर काय परत मिळणार.

४. शिफारस कारणांसह लेखी मिळणार का. हे कर्ज का, आणि दुसरं का नको. हाच कागद पुढे तक्रारीची वेळ आली तर कामी येतो.

५. किती काळ फक्त त्याच्यामार्फतच अर्ज करायचं बंधन आहे. असं कलम असेल तर काढून घ्या, नाहीतर मुदत कमी करून घ्या.

तपासा: चौथ्या टप्प्यात लेखी मिळालेली उत्तरं आणि हा करार शेजारी ठेवून वाचा. भेटीत एक आणि करारात दुसरं असेल तर सही थांबवा.

## टप्पा ८: अर्ज चालू असताना

निवड चांगली झाली तरी नुकसान इथे होऊ शकतं, म्हणून थोडं सविस्तर.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. “बाकीचं मी भरतो” म्हणणारा माणूस मदतच करत असेल, पण त्यात भरलेल्या प्रत्येक आकड्याची जबाबदारी तुमची असते. उत्पन्न फुगवून दाखवणं, भाडेकरार ‘तयार’ करणं, चालू कर्ज लपवणं, हे कुणी सुचवलं तर त्याच दिवशी संबंध तोडा. पकडलं गेलं तर फसवणूक करणारा अर्जदार तुम्ही ठरता.

एका वेळी एकाच माणसाकडून आणि ठरलेल्या एकाच बँकेत अर्ज जाऊ द्या. “चार ठिकाणी टाकून बघू” याला लेखी नकार द्या. तुमच्या ओळखपत्रांच्या प्रतींवर कोणत्या बँकेसाठी आणि कशासाठी दिल्या ते आडवं लिहून सही करा.

विमा वेगळा ठेवा. कर्ज असताना आयुर्विमा असणं शहाणपणाचंच आहे, पण कर्जासोबत चिकटवलेली एकरकमी हप्त्याची पॉलिसी, तीही कर्जाच्या रकमेत मिसळलेली, घ्यायची की नाही हे स्वतंत्रपणे ठरवा. “हिच्याशिवाय मंजुरी नाही” असं कुणी म्हणालं तर ते वाक्य बँकेकडून लेखी मागा. पुष्कळदा त्या मागणीनंतर अट आपोआप गळून पडते.

कर्जाची रक्कम मध्येच वाढवण्याची सूचना येते: “बँक दहा लाख जास्त देतेय, घेऊन ठेवा, फर्निचरला होतील.” ब्रोकरला ०.४ टक्क्यांनी त्यातून ४,००० मिळतील. तुमचा हप्ता महिन्याला सुमारे ८,७०० ने वाढेल, तो वीस वर्षं. पहिल्या टप्प्यातलं पान काढा आणि झेपणारा हप्ता किती लिहिला होता ते बघा.

तपासा: मंजुरीपत्र आलं की दर, दराचा मापदंड, मुदत, प्रोसेसिंग फी, मुदतपूर्व फेडीचा नियम आणि सोबतचे विमे या सहा गोष्टी सुरुवातीच्या कोटशी ताडून पाहा. फरक असेल तर सहीच्या आधी विचारा. पैसे दिले गेल्यावर तोच प्रश्न ‘तक्रार’ होतो आणि उत्तराला वेळ लागतो.

## टप्पा ९: कर्ज झाल्यानंतर

लेखी उत्तरं, शिफारस, फीचा करार, पावत्या, मंजुरीपत्र, हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. सल्ल्याबद्दल तक्रार असेल तर आधी त्या फर्मकडे किंवा बँकेकडे लेखी करा, पोच घ्या, आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर बँकिंग किंवा वित्तीय सेवांच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे जा. फर्मला डावलून थेट वर केलेली तक्रार बहुतेक ठिकाणी परत पाठवतात.

एक-दोन वर्षांनी ब्रोकरचा फोन येईल: “दर उतरलेत, कर्ज दुसऱ्या बँकेत नेऊ.” सल्ला बरोबरही असू शकतो. पण हो म्हणण्याआधी आपल्याच बँकेला पत्र लिहा, नव्या ग्राहकांना दिला जाणारा दर मला द्यायला किती शुल्क पडेल ते विचारा, आणि उत्तर आल्यावर पाचव्या टप्प्यातला हिशेब उरलेल्या वर्षांसाठी पुन्हा करा. बदलण्याचा सगळा खर्च किती महिन्यांच्या बचतीतून भरून निघतो तो आकडा काढा. दोन वर्षांपेक्षा जास्त लागत असतील आणि घर विकण्याचा विचार मनात असेल, तर फोनवर नाही म्हणून टाका.